लांब शब्द, बारीक अक्षर

बँकेच्या परीक्षेसाठी मी सध्या इंग्रजी शब्द घोकतो. साधे नाहीत, गोऱ्या साहेबालाही डिक्शनरी उघडावी लागेल असे. काल कृषी केंद्राच्या बाकावर ओठ हलवत बसलो होतो, तर शेजारच्या धोतरवाल्या काकांना शंका आली.

"काय पुटपुटून राहिला बे? मंतर हाय का?"

"इंग्रजी शब्द पाठ करतो, काका."

"काहून? इंग्रजी येत नाई का?"

"येते."

"मंग?"

'मंग'ला उत्तर नव्हतं, म्हणून शब्दच सांगितला. "लॅक्रिमोज. म्हणजे रडका."

"रडक्याले रडका म्हनलं त तो चिडते. तुह्या शब्दानं चिडन काय?"

"नाही. त्याला समजणारच नाही."

"मंग म्हनाव कायले?"

अख्खा बाक हसला. दुकानदारही हसला, आणि गेल्या हंगामाची उधारी बाकी असल्यामुळे मलाही हसावं लागलं.

इभ्रतीसाठी मी ठेवणीतला काढला: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. इंग्रजीत ४५ अक्षरं, एका दमात. बारीक धुळीनं होणारा फुप्फुसाचा रोग. (१९३५ साली अमेरिकेतल्या कोडेबाजांच्या मंडळाच्या अध्यक्षानं सर्वांत लांब शब्द हवा म्हणून तो जुळवला. रिकामपण तिकडेही आहे.)

काकांनी शांतपणे पिशवीतून फवारणीच्या औषधाची बाटली काढली. "एवढा दम हाय त हे वाच."

सोबतच्या पत्रकात मराठी होती, पण अक्षर असं की मुंगीलाही चष्मा लागावा. बाटलीवर चौकोनात पिवळा त्रिकोण. लाल सगळ्यांत जहाल, खालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. १९७१च्या नियमांपासून हे चालत आलंय. बाकावरच्या एकालाही ते कोणी सांगितलेलं नव्हतं. २०१७ला यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं मेली, तेव्हा यांनी मास्क नाही घातला, हातमोजे नाही घातले, हेच ऐकवलं गेलं. सप्टेंबरच्या उकाड्यात, डोक्याइतक्या पऱ्हाटीत, पाठीवर पंप घेऊन हातमोजे घालून दाखवावेत सांगणाऱ्यानं.

बाटली डोळ्याला लावून मी कामाची ओळ शोधली. "नो स्पेसिफिक अँटिडोट. यावर नेमका उतारा नाही, काका. अंगावर, नाकातोंडात जाऊ देऊ नका."

काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "एवढ्या लंब्या शब्दावाल्याले एवढंच दिसलं?" बाटली हिसकली आणि शाळेच्या ड्रेसातल्या एका पोट्ट्याच्या हाती दिली. त्यानं सगळ्यांत मोठं अक्षर वाचलं, "पॉइझन. म्हंजे जहर."

"पाय! ह्याले म्हनते इंग्रजी येनं!"

पोट्ट्याला बंडीच्या खिशातली लिमलेटची गोळी मिळाली. मला नकोच होती. पण एकदा विचारायला काय जात होतं?