मांजर फिरवायला जागा

जुलैतली रात्र, साडेनऊची वेळ. हॉलमध्ये स्टँडवर, दारांवर, खुर्च्यांच्या पाठींवर कपडे वाळत होते. वाळत न घातलेला असा मी एकटाच उरलो होतो. पंखा पाचवर होता आणि माझा ओला बनियन बरोबर माझ्या कानावर येत होता.

"बाबा, 'नो रूम टु स्विंग अ कॅट'चा वाक्यात उपयोग करून द्या."

सातवीतल्या मुलीनं बापाला इंग्रजी विचारावं हा आमच्याकडे दुर्मीळ योग. एरवी माझे उच्चार सुधारण्यापुरताच आमचा इंग्रजीतून संबंध येतो. चष्मा शोधायच्या निमित्तानं मी थोडा वेळ काढला, तेवढ्यात अर्थ आठवला.

"सोपं आहे गं. जागा एकदम कमी असणे. आपण नाही का म्हणत, तीळ ठेवायला जागा नाही, मुंगीला शिरायला..."

"पण इथे मांजर ठेवायचं नाहीये. फिरवायचंय."

"फिरवायचं म्हणजे? साखळी बांधून?" खाटेवरून आईनं विचारलं.

"नाही आजी. शेपटीला धरून गरगर."

आईची जपमाळ थांबली. "मेलं-बिलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं. सोन्याचा भाव बघितलास का? आणि मुळात फिरवायचं कशाला?"

ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून मी मोबाइल काढला. काही लोक म्हणतात, हे मांजर म्हणजे जहाजावरचा नऊ पदरी चाबूक. त्याला इंग्रज खलाशी मांजर म्हणायचे, आणि डेकखाली तो फिरवायला जागा नसायची. मला ते पटलं, आईलाही हायसं वाटलं. पण पुढे लिहिलं होतं की हा वाक्प्रचार 1665 साली लंडनमधल्या प्लेगवरच्या एका पुस्तकात छापलेला आहे, तोही 'लोक म्हणतात तसं' अशा थाटात; आणि चाबकाचं ते नाव छापील सापडतं ते त्यानंतर. म्हणजे मांजर खरंच असण्याची शक्यता पुन्हा वाढली. आईनं माळ उशीखाली ठेवून दिली.

प्लेग म्हटल्यावर मात्र मला बोलायला विषय मिळाला. मुंबईत 1896 मध्ये प्लेग आला, तेव्हा सरकारला शोध लागला की गिरणगावातली माणसं फारच दाटीनं राहतात. मग 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, पुढे 1920 च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या, आणि दाटी कमी करायला म्हणून बांधलेल्या त्या चाळींपैकी वरळीच्या एका खोलीत आम्ही नऊ जण राहायला लागलो.

"तिथे मांजर फिरलं असतं?" चिऊनं विचारलं.

गणित तिनंच मांडलं. माझा हात खांद्यापासून मुठीपर्यंत दोन फूट, मांजर शेपटीसकट अडीच फूट. त्रिज्या साडेचार, व्यास नऊ. क्षेत्रफळ सुमारे 64 चौरस फूट. आमची खोली 160 ची. "मग आरामात फिरेल की!"

रिकाम्या खोलीत फिरलं असतं. पण रिकामी खोली मी वर्षातून एकदाच पाहायचो, दिवाळीआधी रंग काढताना. एरवी एका कोपऱ्यात मोरी, तिच्या वर माळा, माळ्यावर पितळेची भांडी आणि तुटका पाळणा ('राहू दे, लागेल'). मग कपाट, शिलाई मशीन, आणि लोखंडी खाट. खाटेवर आजोबा, खाटेखाली काका. काकांचं लग्न ठरेपर्यंत त्यांनी छत म्हणून खाटेच्या पट्ट्याच पाहिल्या. आम्ही पोरं पॅसेजमध्ये. आणि इतकं असून गावाहून कुणी ट्रंक घेऊन आलं की आई म्हणायची, "या की, जागा काय, भरपूर आहे." जागा देत नाही असं ठणकावून सांगणारा आपल्याकडे एकटा दुर्योधन. त्यानं सुईच्या टोकाचं माप घेतलं आणि पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

"अहो, वाक्य सांगा तिला, महाभारत नको," आतून बायको.

मी लोकलचं वाक्य सुचवलं. सकाळच्या डब्यात मांजर फिरवायला जागा नसते. चिऊ म्हणाली, हे सगळेच लिहिणार. खरंय. आणि त्या गर्दीला रेल्वेनंच 'सुपर डेन्स क्रश लोड' असं भारदस्त नाव दिलंय, चौरस मीटरला 14 ते 16 माणसं. तिथे मांजर फिरवणं सोडा, मांजर आडवं जायलाही जागा नाही. अपशकुनसुद्धा डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवरच थांबतो.

"आपल्या घराचं लिहू?"

हे मला लागलं. 380 चौरस फूट कार्पेट घेतलंय, 20 वर्षांचं कर्ज काढून! 2016 च्या रेरा कायद्यानं कार्पेट एरिया सांगायची सक्ती केली हे बरंच झालं. पण त्या कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंतींची जाडीही धरतात. भिंतीच्या आत मांजर कसं फिरवायचं हे मात्र कायद्यानं सांगितलेलं नाही. तरीपण आमचा हॉल 10 बाय 14 आहे. नऊचा व्यास त्यात बसतोच.

"बसतो का बघू," मी म्हणालो. इथे थांबायला हवं होतं.

मांजर नव्हतं. चिऊचा कापडी ससा होता. शेपटी बोटभर, म्हणून मी त्याला कानांना धरलं. सोफा भिंतीला टेकवला, टीपॉय खाटेवर चढवला, आईला पाय वर घ्यायला लावले आणि हात फिरवला. पहिली पाव फेरी उत्तम झाली. पुढच्या पावात सशाला माझा बनियन लटकला, बनियनबरोबर स्टँड निघाला, स्टँडबरोबर दोन चादरी, चार टॉवेल आणि शाळेचा युनिफॉर्म. ससा माझ्या हातून सुटून ओट्यावर गेला. ओट्यावर सकाळच्या इडल्यांचं पीठ फुगायला ठेवलेलं होतं.

बायको बाहेर आली. एका हातात ससा, कानापर्यंत पांढरा. ती काही बोलली नाही. आईच म्हणाली, "तरी बरं, मांजर नव्हतं."

रात्री साडेअकराला मी दुसऱ्यांदा युनिफॉर्म धूत असताना चिऊनं वाक्य लिहून टाकलं. मला दाखवलं नाही. चार दिवसांनी वही घरी आली तेव्हा वाचलं :

"देअर वॉज नो रूम टु स्विंग अ कॅट इन अवर हाऊस, सो माय फादर स्वंग अ रॅबिट."

खाली लाल शाईत बाईंचा शेरा होता, "व्याकरण बरोबर. वडिलांनी शनिवारी भेटावे."