क्लीव्हलंडकरांना उत्तर : प्रश्न देशाच्या आकाराचा नाही, रुळांच्या मालकीचा

क्लीव्हलंडकर, नमस्कार.

युरोप आणि अमेरिकेच्या रेल्वेची तुलना करणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : पंधरा दिवस स्विस पास घेऊन हिंडलेल्या माणसाने युरोपच्या रेल्वेच्या आरत्या ओवाळू नयेत, जर्मन गाड्यांचा उशीर तिथे राहणाऱ्यांना विचारावा, आणि अमेरिका एवढी अफाट की तिथे रेल्वे चालणं शक्यच नाही, तेव्हा तुलनाच चुकीची. शेवटी 'एकदा क्लीव्हलंडला या, मग बोलू' असंही लिहिलंत. त्या आमंत्रणाकडे नंतर येतो.

आधी माझी चूक. 'युरोपात गाडी चुकली तर ती आपल्यामुळेच' हे वाक्य मी स्वित्झर्लंडच्या धुंदीत लिहिलं. जर्मनीला ते मुळीच लागू नाही. २०२४ मध्ये जर्मनीच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या, आणि तिथे सहा मिनिटांच्या आतला उशीर उशीर धरतच नाहीत. रद्द झालेल्या गाड्या तर या हिशेबात येतच नाहीत. फार उशिरा आलेली जर्मन गाडी स्विस लोक कधीकधी सीमेवर बाझेललाच थांबवतात, का, तर आपलं वेळापत्रक विस्कटायला नको! माद्रिद आणि लिस्बन या शेजारच्या देशांच्या राजधान्या, पण त्यांच्यात थेट गाडी नाही. तेव्हा सरसकट 'युरोप' म्हणायला नको होतं. मान्य.

पण 'अमेरिका मोठी' हे काही पटलं नाही. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला रेल्वेने जा, असं मी कुठे म्हटलं? तुमचंच राज्य घेऊ. ओहायोत दर चौरस किलोमीटरला स्पेनपेक्षा जास्त माणसं राहतात. त्या स्पेनमध्ये माद्रिद ते बार्सिलोना हे ६२१ किलोमीटर अडीच-पावणेतीन तासांत होतात आणि गाड्या दिवसभर असतात. ओहायोची राजधानी कोलंबस, वस्ती नऊ लाखांच्या वर. तिथून १९७९ साली शेवटची प्रवासी गाडी गेली ती गेलीच. क्लीव्हलंडहून कोलंबस मोटारीने दोन-सव्वादोन तासांवर. यात अफाट काय आहे?

खरी गोम रुळांच्या मालकीत आहे. १९७१ मध्ये अ‍ॅमट्रॅक, म्हणजे अमेरिकेची सरकारी प्रवासी रेल्वे कंपनी, सुरू झाली ती खासगी रेल्वे कंपन्यांच्या गळ्यातलं प्रवासी गाड्यांचं लोढणं काढून घ्यायला. डबे आणि प्रवासी सरकारी कंपनीकडे आले, रूळ मात्र बहुतेक ठिकाणी कंपन्यांकडेच राहिले. म्हणजे अ‍ॅमट्रॅक ही त्या घरातली भाडेकरू. कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे : १९७३ पासून प्रवासी गाडीला मालगाडीच्या आधी वाट द्यायची असं लिहून ठेवलंय. पण कायदा मोडला तर दावा लावायचा तो न्याय खात्याने, आणि त्या खात्याने असा दावा १९७९ मध्ये एकदा लावला, त्यानंतर थेट २०२४ मध्ये. मधली पंचेचाळीस वर्षं नुसता कागद.

बरं, मालगाडीवाल्यांनी वाट द्यायची म्हटली तरी द्यायची कशी? कोकण रेल्वेने गेलेल्यांना क्रॉसिंग ठाऊक असतं. एकेरी मार्ग, समोरून दुसरी गाडी येतेय, तर एकीने लूपलाइनला जाऊन थांबायचं. अमेरिकेत मालगाड्या वाढत वाढत दोन-दोन, तीन-तीन मैल लांब झाल्या आणि कित्येक ठिकाणी लूपलाइन आखूडच राहिली. एवढी मोठी गाडी बाजूला घालताच येत नाही, शेपूट मुख्य मार्गावर राहतं. मग बाजूला कोण जाणार? जी मावते ती. दहा-बारा डब्यांची प्रवासी गाडी शेतात उभी राहते आणि शेजारून दोन मजली कंटेनर जातच राहतात. तिथे चालकाचा किंवा तिकीट तपासनिसाचा काही दोष नसतो, आणि देशाच्या आकाराचाही नसतो.

याचा पुरावा अमेरिकेतच आहे. वॉशिंग्टन ते बॉस्टन या सुमारे ७३५ किलोमीटरच्या मार्गातला बराचसा भाग अ‍ॅमट्रॅकच्या स्वतःच्या मालकीचा. तिथे गाड्या सकाळपासून रात्रीपर्यंत एकामागून एक सुटतात, आणि न्यूयॉर्क-वॉशिंग्टन प्रवासात रेल्वेने विमानांना मागे टाकलंय. देश तोच, कंपनी तीच, माणसंही तीच.

तुमचा एक मुद्दा मात्र मी लेखात पार विसरलो होतो. मालवाहतुकीत अमेरिकन रेल्वेपुढे युरोप कुठेच नाही. युरोपात तोच माल ट्रकवर लादलेला दिसतो. आणि हो, अ‍ॅमट्रॅकच्या साध्या डब्यातली खुर्ची युरोपातल्या पहिल्या वर्गाला लाजवेल अशी ऐसपैस असते. कंडक्टर येऊन डोक्यावरच्या पट्टीत आपल्या उतरायच्या स्टेशनची चिठ्ठी खोचून जातो, म्हणजे झोपलात तरी तुमचं स्टेशन कुठलं ते त्याला ठाऊक. मला हे फार आवडलं होतं.

राहिला 'पंधरा दिवसांच्या पाहुण्या'चा टोमणा. पाहुणा होतो, खरंच. पण पाहुण्याला एक गोष्ट दिसते जी रोजच्या माणसाला दिसेनाशी होते. झुरिकहून तासावर दोन मिनिटं झाल्यावर सुटलेली गाडी बर्नला त्याच तासावर अठ्ठावन्न मिनिटं झाल्यावर पोचते. छप्पन्न मिनिटं. पंचावन्नही नाही, पन्नासही नाही. २००४ मध्ये नवा मार्ग बांधला तो एवढ्यासाठीच, की तासाच्या आत पोचावं आणि तासाच्या ठोक्याला चहूकडच्या गाड्या बर्नला एकत्र याव्यात. आधी वेळापत्रक ठरलं, मग त्याला लागतील तेवढेच रूळ टाकले. मी उतरलो तेव्हा फलाटावरच्या घड्याळाचा लाल सेकंदकाटा बारावर येऊन किंचित थबकला, मग मिनिटकाटा टुणकन पुढे सरकला. माझ्या पुढे चाकांची पिशवी ओढणाऱ्या एक आजीबाई होत्या. त्यांना दुसरी गाडी पकडायची होती आणि त्या अजिबात घाईत नव्हत्या. मला हेवा वाटला तो गाडीच्या वेगाचा नव्हे, त्या आजीबाईंच्या चालीचा.

आता तुमचं आमंत्रण. ते मी मनापासून स्वीकारतो. न्यूयॉर्कला भावाकडे येणं होईलच, तिथून तुमच्याकडे रेल्वेनेच येईन. फक्त ती गाडी क्लीव्हलंडला पोचते पहाटे साडेतीनच्या आसपास, तीही वेळेवर असली तर. स्टेशनवर घ्यायला याल ना?