गेट बंद, भगदाड चालू

माझ्या करड्या पँटच्या बुडावर हिरव्या रंगाचे तीन आडवे पट्टे आहेत. रॉकेल झालं, टर्पेंटाइन झालं. आता कपाटभर वास आहे आणि पट्टे जागच्या जागी. रविवारी आमच्या भागातल्या निसर्ग उद्यानात गेलो होतो, त्याची ही पोचपावती.

फाटकावर फ्लेक्स: 'नूतनीकरणाचे काम सुरू आहे.' त्यावरच्या चार हसऱ्या चेहऱ्यांपैकी दोघांनी मधल्या काळात पक्ष बदललाय. काम केव्हापासून सुरू आहे ते यावरून ताडा. फाटकाला कुलूप, आणि कुलपाच्या आत प्लास्टिकच्या खुर्चीत वॉचमनकाका.

"बंद हाय."

"कधी उघडेल?"

"किल्ली ठेकेदाराकडं हाय."

"मग तुम्ही आत कसे?"

काकांनी चहात बुडवलेलं बिस्कीट आधी खाल्लं. ते पडलं असतं, माझा प्रश्न थांबू शकत होता. मग मान डावीकडं वळवली. पंधरा पावलांवर भिंतीला भलंमोठं भगदाड. एक आजी काठी टेकत त्यातून आत गेल्या आणि दोन शेळ्या बाहेर आल्या.

"म्हणजे तिकडून यायचं?"

"मी कसं म्हणू या म्हणून? उद्यान बंद हाय."

"पण त्या आजी?"

"त्या रोजच्या हायत."

"आणि शेळ्या?"

"त्या भायेर चालल्यात. भायेर जायाला बंदी न्हाई."

"मी आलो तर अडवाल का?"

"माझी ड्यूटी गेटवर. भगदाडाची पोस्ट मंजूर न्हाई अजून."

गेलो. गुडघा कुरकुरला, शर्टाची बाही सळईत अडकली. आत पोचतो तर काका रजिस्टर उघडून हजर.

"बंद असताना रजिस्टर?"

"बंदचं येगळं असतंय."

'येण्याचे कारण' या रकान्यात मी 'श्रवण नक्षत्र' लिहिलं. ते खरंच होतं. शाळेत असताना आम्हाला इथल्या नक्षत्रवनात झाडं लावायला आणलं होतं. २७ नक्षत्रं, २७ झाडं, ज्याचं त्याचं जन्मनक्षत्र. मघावाल्या मित्राला वड मिळाला, पुष्यवालीला पिंपळ, पूर्वाभाद्रपदावाल्याला चक्क आंबा. मला रुई! जी उकिरड्यावर कुणी न लावता उगवते, ती मी खड्डा खणून, पाणी घालून लावली. वर्गात वर्षभर मला 'मारुती' म्हणत होते.

तर आता आंबा नाही, पिंपळाच्या जागी वाळूचा ढीग आहे, वडाच्या आळ्यात बाटल्या. बाकी सगळीकडं घाणेरी आणि गिरिपुष्प. रुई मात्र खांद्याला लागेल एवढी, फुललेली. ती माझीच असा दावा मी करत नाही, पण पाटी तीच होती. त्या आजी तिचीच पानं खुडत होत्या, शनिवारच्या माळांसाठी. या उद्यानातून कुणाला चार पैसे मिळत असतील तर तेवढेच. ज्यांना पाणी घालायला हवं होतं ती झाडं गेली, आणि जिला कुणीच विचारलं नाही ती राहिली. याचा आनंद मानावा की ठेकेदारानं हेच धोरण म्हणून स्वीकारलंय, कळेना.

माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलं. ३७ एकर, १९९४ साली लोकांसाठी खुलं झालं. आमच्याकडं उलटा प्रवास चाललाय. उद्यान आधी होतं, डेपो होत आलाय. आणि याची पाणीपट्टी-घरपट्टी मी वेळेत भरतो, दोन टक्के सवलतीच्या आशेनं का असेना.

चिडून चिडून दमलो आणि समोरच्या बाकावर बसलो. सगळ्या उद्यानात तेवढाच एक बाक धड, चकचकीत हिरवा. तेव्हाच शंका यायला हवी होती. मी पुरता टेकल्यावर काकांची शिट्टी वाजली.

"अवो सायेब, ओला हाय त्यो!"

"पाटी का नाही लावली?"

"उद्यान बंद हाय. पाटी कुणासाठी लावायची?"

नूतनीकरणाचं आजवर झालेलं एकमेव काम मी बुडाला लावून उभा होतो. काकांनी बाकाभोवती एक फेरी मारली, जीभ टाळूला लावून 'च्च' केलं, आणि रजिस्टर पुन्हा उघडलं. माझ्या नावापुढच्या 'शेरा' या रकान्यात सावकाश लिहिलं: 'बाक खराब केला.'

"आता दुसरा हात मारावा लागणार," ते म्हणाले. "तुमच्यापायी काम लांबलं बगा. हितं सही करा."




मी केली.