‘लडाख केलंय ना, मग आउटबॅक काय चीज आहे?’

सुट्ट्या जवळ आल्या की ऑस्ट्रेलियातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज हमखास फिरू लागतो. थोडक्यात तो असा: आउटबॅकचा, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड, विरळ वस्तीच्या भागाचा, उगाच बाऊ करू नका. रस्ते सपाट आहेत, लडाख-स्पिती केलेल्याला हा पोरखेळ. कुठलीही एसयूव्ही चालते. नाताळच्या सुट्टीत निघा, मोबाइलवर नकाशा उतरवून घ्या, २० लिटरचा एक कॅन पाणी भरा. रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा लागल्या तर ८०ने हाणा, धक्के कळत नाहीत. अडकलात तर पहाटेच्या गारव्यात जवळच्या फार्महाउसपर्यंत चालत जा.

बर्ड्सव्हिल ट्रॅक हे नाव मेसेजमध्येच आहे, म्हणून मुख्यतः तोच रस्ता धरून बोलतो. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मरीपासून क्वीन्सलँडच्या बर्ड्सव्हिलपर्यंत ५१७ किलोमीटरचा कच्चा रस्ता, आणि मधे पेट्रोल-डिझेल मिळण्याचं ठिकाण एकच, मंगरॅनी.

आधी लडाखचं बघू. सपाट रस्त्याबद्दल मेसेज खोटं बोलत नाही. खारदुंग ला चढवणाऱ्याला बर्ड्सव्हिल ट्रॅकवर स्टिअरिंगची कसली परीक्षा? पण मनाली-लेह रस्त्यावर गाडी बंद पडली तर होतं काय ते आठवा. तासाभरात कुणी ट्रकवाला थांबतो, लष्कराचा ताफा जातो, पांगला तंबूत मॅगी मिळते. टांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ ही पाटी वाचून आपण सगळ्यांनी फोटो काढलेत, पण त्या ३६५ किलोमीटरांत माणसं भेटत राहतात. बर्ड्सव्हिल ट्रॅकवर हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, दिवसाला बऱ्यापैकी गाड्या दिसतात. भर उन्हाळ्यात मागून दुसरी गाडी कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. इथे तयारी करायची ती रस्त्याच्या कठीणपणासाठी नव्हे, मदत येईपर्यंतच्या वेळासाठी. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच मोजलेलं नाही.

‘नाताळच्या सुट्टीत निघा.’ हा सल्ला सगळ्यांत घातक. सुट्टी मिळते तेव्हाच जाणार हे मान्य, पण डिसेंबर-जानेवारी हा तिकडचा ऐन उन्हाळा. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या उडनाडाट्टा गावी २ जानेवारी १९६० रोजी ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलं. सिम्प्सन वाळवंटातली उद्यानं तर १ डिसेंबर ते १५ मार्च बंदच ठेवतात. आणि पाऊस? तुमच्या डोक्यावर एक थेंबही न पडता रस्ता बंद होऊ शकतो. क्वीन्सलँडमध्ये शेकडो किलोमीटर वर पडलेलं पाणी या ट्रॅकला आडव्या जाणाऱ्या कूपर क्रीक नदीतून कित्येक आठवड्यांनी खाली उतरतं. जिथे पाऊस पडतो तिथे चिकणमातीचा असा राडा होतो की फोर बाय फोरही आडवी घसरते. बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड आहे, आणि तो वाजवी आहे. एक गाडी पाडते ते चर वाळले की पुढे कित्येक दिवस सगळ्यांना छळतात.

कुठलीही एसयूव्ही चालते का? कोरड्या हवेत, रस्ता सपाट करणारा ग्रेडर नुकताच फिरलेला असेल तर बर्ड्सव्हिल ट्रॅक उंच एसयूव्हीनेही पार होतो. सिम्प्सनच्या अकराशेहून जास्त वाळूच्या टेकड्या होत नाहीत. तिथे लो-रेंज (फोर बाय फोरमधले कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) लागते, उंच काठीवर झेंडा लावावा लागतो, म्हणजे टेकडीपलीकडून येणाऱ्याला तुम्ही दिसता. वाळवंटाच्या पश्चिमेचं माउंट डेअर ते पूर्वेचं बर्ड्सव्हिल पाचशेहून जास्त किलोमीटर इंधन मिळत नाही, आणि वाळूत गाडी नेहमीपेक्षा दीडपट पिते. पण गाडीपेक्षा मला टायरची काळजी जास्त वाटते. स्टर्टच्या दगडी वाळवंटातले गिबर नावाचे दगड टायरची बाजू चिरतात. बहुतेक शहरी एसयूव्हींत स्टेपनी म्हणून सायकलच्या चाकाचा थोरला भाऊ दिलेला असतो. पूर्ण मापाच्या दोन स्टेपन्या, पंक्चरचं सामान, हवेचा कॉम्प्रेसर आणि मापक एवढं तरी हवंच. जॅकखाली ठेवायला एक जाड फळीही घ्या, नाहीतर जॅकच वाळूत रुततो.

८०ने हाणण्याची युक्ती अर्धी खरी आहे. वेग वाढला की चाकं लाटांच्या माथ्यांवरून जातात आणि स्टिअरिंगची थरथर कमी होते. पण तेव्हा टायर जमिनीला पुरता टेकलेला नसतो. वळण आलं, गाय आली, बुलडस्टने भरलेला खड्डा आला की ब्रेक लागत नाही. पिठासारख्या त्या धुळीखाली खड्डा किती खोल आहे ते वरून कळतच नाही. त्यापेक्षा हवा उतरवा: खडीवर २८ पीएसआयच्या आसपास, वाळूत १६ ते २० आणि वेगही त्याच हिशेबाने कमी. डांबरावर आलात की परत भरा. समोरून रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, आली तर डावीकडे थांबा आणि धूळ बसेपर्यंत हलू नका. तीन ट्रेलरवाली गाडी ५३.५ मीटर लांब असू शकते.

मोबाइलवरच्या नकाशाबद्दल दोन घटना पुरेत. डिसेंबर २०१२मध्ये ॲपल मॅप्सवर मिल्ड्युरा हे शहर मूळ जागेपासून सुमारे ७० किलोमीटर दूर, मरे-सनसेट राष्ट्रीय उद्यानात दाखवलं जात होतं. लोक खरोखर तिथे जाऊन अडकले आणि व्हिक्टोरिया पोलिसांना जाहीर इशारा द्यावा लागला. फेब्रुवारी २०२४मध्ये क्वीन्सलँडच्या उत्तर टोकाला, केप यॉर्ककडे निघालेल्या दोन जर्मन पर्यटकांना गूगल मॅप्सने बंद पडलेल्या जुन्या वाटेवर नेलं. गाडी चिखलात रुतली. नकाशा उतरवून घ्याच, पण सोबत कागदाचाही ठेवा आणि निघण्याच्या दिवशी त्या राज्याच्या संकेतस्थळावर रस्ता उघडा आहे का ते पाहा.

रेंज बहुतेक वाटेवर शून्य असते. नव्या फोनमधून उपग्रहामार्फत मदत मागता येते हे खरं, पण उन्हात तापलेला, बॅटरी संपलेला फोन काय करणार? ४०६ मेगाहर्ट्झचा छोटा बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत मदतीची हाक देणारं यंत्र, घ्या. त्याला मासिक शुल्क नसतं, आणि सागरी सुरक्षेचं काम बघणाऱ्या ‘अम्सा’कडे नोंदणी फुकट होते. गाडी-गाडीत बोलायचा यूएचएफ रेडिओही हवा, चॅनल ४० वर ट्रकवाले बोलतात. घरी एकाला लिहून द्या: कुठल्या रस्त्याने जाणार, कुठे मुक्काम, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं.

आता पाणी. उन्हाळ्यात माणशी दिवसाला १० लिटर धरतात. चौघं जण तीन दिवस अडकले तर १२० लिटर झालं. मेसेजमधला २० लिटरचा कॅन अर्ध्या दिवसात आटपेल, आणि एकच कॅन असेल तर एका चिरेसरशी सगळं वाळूत. वेगवेगळ्या कॅनमध्ये भरा.

आणि शेवटचं, पहाटे चालत निघण्याचं. फार्महाउस म्हणजे मुळशीतलं नव्हे. विल्यम क्रीकजवळचं ॲना क्रीक हे गुरांचं स्टेशन, म्हणजे चराऊ रान, एकटंच साधारण पुणे जिल्ह्याएवढं आहे. १९६३च्या डिसेंबरात याच बर्ड्सव्हिल ट्रॅकच्या परिसरात एका कुटुंबातले पाचही जण दगावले. रस्ता चुकला, पेट्रोल संपलं आणि गाडी सोडून ते पाण्याच्या शोधात निघाले. विमानातून शोधणाऱ्याला माणूस दिसत नाही, गाडी दिसते. गाडीची सावली असते, आरसा चमकवता येतो, टायर जाळून काळा धूर करता येतो. ते जर्मन पर्यटक सुमारे ६० किलोमीटर चालून कोएन गावाला पोचले, असं कुणी म्हणेल. पोचले, पण तो उत्तरेतला पावसाळा होता, वाटेत पाणी होतं.

एवढं वाचून नाताळातच जायचं ठरलं असेल आणि गाडी भाड्याची असेल, तर करार नीट वाचा. बहुतेक साध्या गाड्यांना कच्च्या रस्त्यावर नेण्याची मनाई असते आणि तिथे विमा लागू होत नाही. अशांनी ॲडलेडहून स्टुअर्ट हायवेने कूबर पीडीला जावं. सगळा डांबरी रस्ता आहे, राहायला जमिनीखालच्या गार खोल्या मिळतात. गावातच परवाना घेऊन जवळच्या कांकू-ब्रेकअवेजच्या रंगीत टेकड्या भल्या सकाळी बघता येतात, पण तिथे जाणारा फाटा कच्चा आहे, म्हणून भाड्याची गाडी करारात बसत असेल तरच न्या. बर्ड्सव्हिल जुलैमध्ये करा.