एका ठिपक्याचा शत्रू

ग्वाल्हेरच्या माणसाने लढाऊ विमान दिसत नाही म्हणणं म्हणजे इंदूरकराने पोहे मिळत नाहीत म्हणण्यासारखं आहे. महाराजपुऱ्याच्या तळावर १९८५ पासून मिराज आहेत. आवाज येतो तिथे बघायचं नाही, त्याच्या बरंच पुढे बघायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आमची आई सत्तरीची, मोतीबिंदू काढलेला, लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवर पापड वाळत घालता घालता ती मान वर करते आणि सांगते, "दोन गेली. एक मागे राहिलंय."

आणि तिचा मुलगा रोज रात्री जेवण झालं की संगणकावरच्या खेळात दुसऱ्या महायुद्धातलं इंग्रजांचं स्पिटफायर विमान उडवतो आणि न दिसलेल्या जर्मनाच्या हातून मरतो.

दोष माझ्या डोळ्यांचा नाही, हे मी घरात अनेकदा गणित मांडून सिद्ध केलंय. धड नजरेला अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखता येतो. खेळात मात्र समोरचं ९० अंशांचं आकाश २४ इंची पडद्यात कोंबलेलं असतं. पडद्यावर आडवे ठिपके, म्हणजे पिक्सेल, १९२०. म्हणजे एकेका ठिपक्याच्या वाट्याला डोळ्याला पेलतं त्याच्या जवळजवळ तिप्पट आकाश! जर्मनांच्या मेसरश्मिट विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत १० मीटर. ते १२ किलोमीटरवर असलं की पंख, इंजिन, तोफा आणि आतला मिशीवाला माणूस, सगळं मिळून एक ठिपका. खऱ्या आकाशात निदान ऊन पडलं तर काच चमकते, मागे धूर दिसतो. इथे राखाडी ढगावर एक राखाडी ठिपका, आणि त्यावर कडा गुळगुळीत करणारी ती सोय चालू असली की तोही ढगात कालवला जातो.

त्यात पावसाळ्यात चिलटं. दिवे मालवून बसलं की सगळी पडद्यावर. चिलट आणि शत्रू यांतला फरक आता मला कळतो: चिलट दोन पावलं चालून थांबतं, शत्रू थांबत नाही.

एकदा असाच मी डोळे फाडून बसलो असताना बायको पदर घेऊन आली. "अहो, केवढी धूळ ही!" पुसता पुसता एका जागी अडली. थुंकी लावली, घासलं. "हा डाग जातच नाही हो." मी म्हटलं, हात काढ. ती म्हणाली, "थांबा, सरकतोय आता." सरकणारच. थोड्या वेळाने त्या डागाला पंख फुटले, आणि तिने हात बाजूला घेतला तेव्हा माझ्या इंजिनातून तेल गळत होतं.

बडोद्याचा भाचा म्हणाला, "मामा, फोर-के मॉनिटर घे. सगळं लख्ख दिसेल." घेतला. २७ इंची, जुन्याच्या चौपट ठिपक्यांचा. कॉकपिटमधले खिळे मोजता येतात, खालच्या शेतांचे बांध दिसतात, आणि शत्रू पार नाहीसा झाला. कारण साधं आहे. खेळ लांबच्या विमानाला एकच ठिपका देतो, आणि नव्या पडद्यावर ठिपकाच इतका बारीक की त्याचं क्षेत्रफळ जुन्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. भाचा स्वतः मात्र कॉलेजातला जुना मॉनिटर सोडायला तयार नाही. कानात त्याचा आवाज येतो, "मामा, डावीकडे, जरा खाली... अरे बघ ना... गेलास." तो दिसलेलं सांगतो आणि मी ऐकलेलं शोधतो.

उपाय आहेत, नाही असं नाही. झूम करावं तर विमान दिसतं, पण बाकीचं सगळं आकाश जातं आणि दुसरा मागून येतो. लेबल लावावं तर प्रत्येक विमानावर नाव आणि अंतर लिहून येतं, ढगाच्या आडूनसुद्धा. मग ती लढाई राहत नाही, लग्नातली आहेराची पाकिटं होतात. १९९८ च्या 'फाल्कन ४.०' या विमानांच्या खेळाला पुढे हौशी मंडळींनी बीएमएस म्हणून जे रूप दिलं, त्यात लांबचं विमान मुद्दाम थोडं मोठं काढायची युक्ती होती. मला ती पटते. शुद्धतावाद्यांना नाही पटत. मोठं काढणं म्हणजे खोटं, म्हणतात. जसं काही टेबलापाशी चहा ठेवून लंडन वाचवणं हे खरं आहे!

शेवटी मी फोर-के पडद्यावरच खेळाची सेटिंग जुनी, १९२० ची केली. चार ठिपके मिळून एक दिसतो. चित्र भुरकट झालं, पण जर्मन परत आले. मोठ्या आनंदाने बायकोला दाखवायला गेलो. समजावलं, की बाई, ह्यात ८३ लाख ठिपके आहेत, मी त्यांचं काम २१ लाखांवर आणलं.

तिने पडद्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे, जिथे ती बिलं ठेवते.

"मग उरलेले ६२ लाख दुकानदार परत घेईल का?"