काळ्या पाण्यावरच्या बायका आणि वीस वर्षांचं गणित

शिरीषनं चहाच्या पहिल्या घोटालाच ठोकून दिलं, "काळं पाणी म्हणजे सेल्युलर जेल."

"सेल्युलर बांधून झालं १९०६ साली," वैशाली म्हणाली. "पोर्ट ब्लेअरला कैदी १८५८ पासून उतरतायत. आणि बायकांचा तुरुंगच वेगळा होता. साउथ पॉइंटला."

"बायका? त्यांनी काय केलं होतं?"

"बऱ्याच जणी खुनाच्या शिक्षेवर. नवऱ्याच्या, नाहीतर पोटच्या पोराच्या. पुण्याच्या काशीबाईबद्दल जोतीरावांनी १८८४ साली लिहिलंय. ब्राह्मण विधवा, गोवंड्यांकडे स्वयंपाकाला. शेजारच्या शास्त्र्यानं फसवलं, दिवस गेले. मूल मारून विहिरीत टाकलं. तिला जन्मठेप, काळं पाणी. शास्त्रीबुवा घरी."

बापूंनी मान हलवली. "पण तिकडे सरकार लग्नं लावून देत होतं ना? म्हणजे सुटकाच."

"नियम ऐका, १९०० च्या आसपासचे. पहिली पाच वर्षं बाईनं तुरुंगातच काढायची, कैद्यांचे कपडे विणत-शिवत. मग लग्नाची किंवा कुणाच्या घरी कामाला राहायची परवानगी. पुरुषाला दहा वर्षांनी तिकीट मिळायचं, म्हणजे स्वतःचं कमवून खायची मुभा. असे तिकीटवाले तुरुंगात येणार, बायका रांगेत उभ्या. तो पसंत करणार, ती नाही म्हणू शकत होती."

"झालं तर! विधवेला पुण्यात मिळालं असतं हे?"

बापूंचा हा मुद्दा बिनतोड होता. १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा असूनही.

"आता पुढचं," वैशालीनं बोटं मोजली. "लग्न न केलेलीला वीस वर्षं. केलेलीला पंधरा, पण नवऱ्याबरोबरच बेट सोडायचं, दोघांची मुदत भरल्यावर. तिची पाच झाली असताना दहा काढलेला नवरा केला, असं धर. त्याची मुदत वीस असेल तर तिची पंधरा भरतात तेव्हाच तोही सुटतो. त्याची पंचवीस असेल तर?"

शिरीषनं हिशेब केला. "तिचीही वीस. म्हणजे लग्न करून एक दिवस कमी नाही!"

"पण भिंतीबाहेर," बापू अडून बसले. "स्वतःच्या चुलीपुढे."

"चूल नवऱ्याच्या तिकिटावर, बापू. बाईनं एकटीनं बाहेर घर करायची सोयच नव्हती."

"आणि पोरं?"

"ती कैदी नाहीत. त्यांना लोकल बॉर्न म्हणायचे. त्यांचे वंशज आजही तिथेच आहेत."

"परत का नाही आले?"

"काशीबाईसारखीनं यायचं कुणाच्या दारात?" वैशाली म्हणाली, आणि बापूंनी दुसरा कटिंग मागवला.