‘जाळीतून आवाज बाहेर येणारच’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शांत पीसी कसा बांधावा यावरच्या माझ्या लेखाला प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, म्हणून उत्तरही लांबलंय. तुमचे आक्षेप असे: शांत पीसीसाठी पुढून जाळीचं कॅबिनेट सुचवणं ही उलटी गंगा, कारण खिडकी लावली की रस्त्याचा गोंगाट कमी होतो हे लहान पोरालाही कळतं. दुसरं, नागपुरात जाळी म्हणजे धुळीला आवतण. तिसरं, आतून फोम लावलेल्या बंद कॅबिनेटला मी ‘दिखाऊ’ म्हटलं, आणि तुमचं तसलंच कॅबिनेट रात्री ऐकूही येत नाही.

‘दिखाऊ’ हा शब्द मागे घेतो, तो घाईत पडला. बाकीच्या दोन मुद्द्यांवर मात्र भांडायला जागा आहे.

खिडकीचं उदाहरण इथे लागू पडत नाही. तुम्ही खिडकी लावली म्हणून रस्त्यावरचा ट्रक जास्त जोरात हॉर्न वाजवत नाही. कॅबिनेटचं दार लावलं की आतला फॅन मात्र जास्त जोरात फिरतो. सगळा वाद या एका फरकाचा आहे.

तुम्हीच दिलेले आकडे घेऊ. रायझन ७ ७७०० प्रोसेसर, आरटीएक्स ४०७० ग्राफिक्स कार्ड, पुढे दोन आणि मागे एक असे १२० मिमीचे तीन फॅन. ब्राउझर चालू असताना ६०० आरपीएम (मिनिटाला फेरे), रेंडर (व्हिडिओ किंवा चित्र तयार करणं) किंवा गेम लावला की १४००. म्हणजे रात्री ऐकू येत नाही ते ६०० आरपीएमला. त्या वेगाला चांगला फॅन उघड्या टेबलावर ठेवला तरी मीटरभरावरून जेमतेम ऐकू येतो. त्याचं श्रेय फोमला देता येणार नाही. परीक्षा १४०० ला आहे.

कार्ड पूर्ण ताणात २०० वॅट खातं, प्रोसेसर आणि बाकी मिळून आणखी शंभरेक. ही ३०० वॅट उष्णता बाहेर काढायची आणि आतली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, असं ठरवलं तर तासाला सुमारे ९० घनमीटर हवा कॅबिनेटमधून जायला हवी. फॅनवाल्यांच्या भाषेत ५३ सीएफएम, म्हणजे मिनिटाला घनफूट. १२० मिमीच्या बऱ्याच फॅनच्या खोक्यावर ५०-६० सीएफएम छापलेलं असतं, पण ते पूर्ण वेगाला आणि समोर काहीही अडथळा नसताना. तुमच्या दाराच्या दोन्ही बाजूंना बोटभर रुंदीच्या फटी आहेत. हवा तिथून वळून, मग फिल्टरमधून आत येते. फॅन त्या ओढाताणीत गुंततो आणि वेग वाढवल्याशिवाय तेवढी हवा मिळत नाही.

वेगाचा आणि आवाजाचा हिशोब क्रूर आहे. फॅनचा आवाज साधारण वेगाच्या पाचव्या घाताने वाढतो. वेग निम्मा केला की १५ डेसिबल उतरतात. १४०० चे १००० केले तरी सात. दाराने सात डेसिबल अडवायचे तर फटी बुजवाव्या लागतील, आणि फटी बुजवल्या तर हवा कुठून येणार? जिथून हवा जाते तिथून आवाजही जातोच.

याच हिशोबाची दुसरी बाजू लोक विसरतात. एकासारखे एक दोन फॅन लावले तर आवाज तीनच डेसिबलने वाढतो, तीन लावले तर पाचेक. म्हणून १४०० वर फिरणाऱ्या एका फॅनपेक्षा ७०० वर फिरणारे तीन फॅन साधारण १० डेसिबलने शांत, आणि हवाही जास्त. १४० मिमीचे बसत असतील तर आणखी बरं. पण आधी पट्टी लावून बघा: १२० च्या फॅनला स्क्रूच्या दोन भोकांमधलं अंतर १०५ मिमी लागतं, १४० ला १२४.५. ‘१४० बसतो’ असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो आणि घरी आल्यावर भोकंच नसतात.

आता फोम. आवाज शोषायचा तर शोषणाऱ्या थराची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास लागते. १००० हर्ट्झची तरंगलांबी ३४ सेंटीमीटर, म्हणजे साडेआठ सेंटीमीटर जाड फोम. कॅबिनेटमध्ये असतो पाच-सात मिलिमीटरचा. तो काही हजार हर्ट्झच्या वरचं थोडंफार खातो. खालची घरघर त्याला दिसतसुद्धा नाही. डांबरासारखा जड काळा पत्रा चिकटवलेला असतो त्याचं काम वेगळं: तो वजनाने पॅनेलची थरथर मारतो. हे काम खरं आहे आणि उपयोगाचंही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कॅबिनेट घेताना बाजूचं पॅनेल काढून एका कोपऱ्याला धरा आणि मध्यभागी बोटाच्या पेराने टकटक करा. ‘ठप’ असा मुका आवाज आला तर ठीक. ‘टण्ण’ करून घुमत राहिलं तर तो अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा आहे, घरी हार्ड डिस्कबरोबर गाणार.

इथे तुमच्या बाजूचं एक सांगतो, जे मूळ लेखात यायला हवं होतं. कार्डाच्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्याची) चिरचिर आणि हार्ड डिस्कच्या हेडची कटकट हे वरच्या पट्टीतले आवाज आहेत आणि फॅन कितीही हळू फिरवला तरी ते कमी होत नाहीत. तिथे बंद दार आणि फोम खरोखर कामाला येतात. बंद कॅबिनेटची कल्पना रुजली तीही हार्ड डिस्कच्या काळातच. २००५ साली अँटेक कंपनीने सायलेंट पीसी रिव्ह्यू या वेबसाइटच्या माइक चिन यांच्या मदतीने पी१८० हे कॅबिनेट काढलं: तीन थरांची पॅनेलं, हार्ड डिस्क आणि एसएमपीएससाठी (वीजपुरवठ्याच्या डब्यासाठी) खाली वेगळा कप्पा, डिस्कखाली सिलिकॉनचे बूच. त्या काळी गोंगाट करायची ती डिस्क. आता हलता भाग नसलेली एसएसडी गप्प बसलेली असते आणि उष्णता ओकतं ते कार्ड. रोग बदलला, औषध तेच चालू आहे.

तुमची ४ टीबीची डिस्क ७२०० आरपीएमची असेल तर ती १२० हर्ट्झने थरथरते. तुम्ही लिहिलंय ती ‘हळूच येणारी हुंकाराची लाट’ बहुधा हीच. डिस्क आणि एखादा फॅन जवळजवळ एकाच सुरात असले की आवाज असा चढ-उतार करतो. पडताळा सोपा: आवाज येत असताना पॅनेलवर तळहात दाबून धरा. हुंकार थांबला किंवा बदलला तर पत्रा थरथरतोय. डिस्कचे स्क्रू सोडा, रबरी वॉशर घाला आणि स्क्रू पिळून घट्ट करू नका. रबर चेपलं की ते असून नसल्यासारखं.

धुळीबद्दल. बंद कॅबिनेटमध्ये कमी धूळ जाते हे खरं, कारण हवाच कमी जाते. पण पुढून गळा आवळलेला आणि मागचा-वरचा फॅन जोरात, असं झालं की आत हवेचा दाब कमी होतो आणि हवा जिथे फिल्टर नाही तिथून घुसते. मागे कार्डाच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या बघा. कडेने राखाडी रेघ जमली असेल तर हेच चाललंय. उदबत्ती पेटवून धूर त्या पट्टीजवळ धरा: आत ओढला गेला तर पुढचे फॅन वाढवा किंवा मागचा हळू करा. जाळी घेताना ती बारीक आहे ना, ते पाहा. जाळी बारीक असून मागे आणखी नायलॉनचा फिल्टर असेल तर दोन्हींतला एकच ठेवा, नाहीतर पुन्हा बंद दारासारखीच गत. महिन्यातून एकदा नळाखाली धुवायचा, पूर्ण सुकवायचा. आणि कॅबिनेट जमिनीवर नको. केरसुणीने उडालेली धूळ पहिल्यांदा तिथेच जाते. ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा.

नागपूरचा मुद्दा तुम्ही धुळीसाठी काढलात, पण तो उष्णतेसाठी जास्त लागू आहे. परदेशी परीक्षणं साधारण २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यात तुमची खोली ३६ ला असेल तर आतली हवा ४८ ला सहज जाते. कार्डाचे फॅन पन्नास-साठ अंशांखाली बंद राहतात. बंद कॅबिनेटमध्ये कार्ड नेमकं त्या उंबरठ्यावर लटकतं आणि फॅन दर मिनिटाला चालू-बंद होतात. हे सलग आवाजापेक्षा जास्त छळतं. (कूलर चालू असेल तर अर्थात हा सगळा वाद फिजूल. त्याच्यापुढे कुठला पीसी ऐकू येतो!)

तरीही लगेच नवं कॅबिनेट घ्या असं म्हणणार नाही. आधी बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) जा. फॅन तीन पिनांचा असेल तर हेडर, म्हणजे फॅनची पिन बसते ती बोर्डावरची जागा, डीसी मोडवर (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणारा) हवा; पीडब्ल्यूएमवर (चौथ्या पिनेच्या संकेताने वेग बदलणारा) राहिला तर तो कायम पूर्ण वेगाने पळतो. मग स्टेप-अप टाइम किंवा स्मूदिंग, बोर्डावर जे नाव असेल ते, वाढवा. प्रोसेसरचं तापमान क्षणात वीस अंश उडतं आणि उतरतं, त्याच्यामागे फॅनने धावायची गरज नसते. कॅबिनेटचे फॅन कार्डाच्या तापमानाला जोडता आले तर उत्तम. विंडोजवर ‘फॅन कंट्रोल’ नावाचा मोफत प्रोग्राम ते करतो.

मग खरी चाचणी. सगळ्या फॅनचा वेग १००० ला बांधा, वीस मिनिटं गेम किंवा रेंडर चालवा, एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये कार्डाचं तापमान टिपा. पुढचं दार काढा आणि तेच पुन्हा. पाच अंशांहून जास्त फरक पडला तर दार गळा आवळतंय. एक-दोन अंशांचा असेल तर तुमचं कॅबिनेट चांगलं आहे, ठेवा. मोबाइलच्या डेसिबल ॲपवर विसंबू नका. खोली शांत असली की ते मोबाइलच्या माइकचीच खरखर मोजत बसतं.

बदलायचंच झालं तर दोन्ही सोयी देणारी कॅबिनेटं आहेत. बी क्वायटच्या सायलेंट बेस ८०२ मध्ये पुढची आणि वरची बंद व जाळीची अशी दोन्ही पॅनेलं खोक्यातच मिळतात. फ्रॅक्टलचं डिफाइन ७ आणि मेशिफाय २ यांचा सांगाडा एकच. एकाला बंद दार, दुसऱ्याला जाळी. दोन एसएसडी आणि एक मोठं कार्ड असेल तर मी मेशिफाय घेईन. चार हार्ड डिस्क आणि छोटं कार्ड असेल तर डिफाइन, तुमच्यासारखंच.

दार लावून आणि दार काढून आलेले दोन्ही आकडे इथेच खाली लिहा. खोलीचं तापमानही टाका, नाहीतर तुलना होणार नाही.